बंद बंदर आणि अडकलेला गुडघा

आजारपणावर लिहावे असा मी कोणी नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, आणि मीही तिथे एकच वर्ष काढलेले. वैद्यकी तर मुळीच येत नाही. पण गुडघा धरून बसलेल्या माणसाला जो तो शहाणपण सांगतो, आणि ते ऐकण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. दुसऱ्या कोणाचा जाऊ नये म्हणून हे धाडस. चुकले तर सांभाळून घ्यावे.

"हाड शाबूत आहे. सेमिल्युनर कार्टिलेज फाटली आहे," अलिबागचे डॉक्टर म्हणाले.

बाबांनी त्यातले पहिले वाक्य तेवढे ऐकले. "हाड साबूत हाय ना? मग झालं."

झाले नव्हते. डॉक्टरांनी समजावले ते असे. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे. हाडावर हाड घासू नये म्हणून मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट चकत्या असतात, त्या कार्टिलेज, म्हणजे कूर्चा. पुढे वाटी. आत आणि बाजूंना लिगामेंट, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे. पाय रोवलेला राहिला आणि अंग तेवढे वळले, की आतल्या बाजूची चकती हाडांत सापडून चिरते. चिरलेला तुकडा सांध्यात अडकला, की गुडघा वाकलेलाच राहतो.

माझे नेमके तसेच झाले होते. रेवसला ओहोटीच्या वेळी मचवा, म्हणजे शिडाची होडी, धक्क्याला लागत नाही, चिखल तुडवत त्याच्यापर्यंत जावे लागते. मी कॉलेजात परत निघालेला, पावसाळ्याआधी मुंबईला जाणारा तो शेवटचा मचवा. माझ्या डोक्यावर ट्रंक. मागून बाबांनी हाक मारली, "अरे, लोणच्याची बरनी ऱ्हायली." मी वळलो. पाय चिखलातच राहिला. मचवा माझ्याशिवाय गेला आणि बंदर पावसाळ्यापुरते बंद झाले.

डॉक्टरांनी गुडघा हलकेच फिरवून पाहिला, सुटला नाही. ते म्हणाले, "याला मुंबईला ऑपरेशनच हवे. पण पावसात खाड्या ओलांडत, बैलगाडीचे धक्के खात नेऊ नका. बंदर उघडेपर्यंत पडून राहू दे. आणि जोर लावून पाय सरळ करायचा नाही."

हे शेवटचे वाक्य घरात कोणालाच पटले नाही.

आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत झाडावर चढणारे गडी पडतात, तेव्हा धर्माकाका त्यांचे हातपाय बसवतात. त्यांचा उपाय एकच: गड्याला खाटेवर पालथे घालून आखडलेला पाय कडेबाहेर काढायचा आणि घोट्याला न सोललेले दोन नारळ बांधून खाली सोडायचे. पुष्कळ गडी त्याने बरे झालेले मी पाहिले आहेत. पण त्यांचे पाय आखडलेले होते, माझा अडकलेला. दारात काही सापडले असताना दार रेटून लावावे, तसा हा प्रकार.

मी हे सांगू लागलो तर काका बाबांना म्हणाले, "अक्कल गुडघ्यात असते म्हन्तात. याची तिथनंबी निसटली."

सगळे हसले. नारळ बांधले गेले. संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा सुजला. काका म्हणाले, "सूज आली म्हंजे गुन येतोय." दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ. शेवटी आई उठली, तिने दोर कापला आणि नारळ विहिरीमागे रुजत घातले.

त्यानंतर बघायला येणारा प्रत्येक जण गुडघा दाबून विचारी, "हितं दुखतं का?" होय, तिथेच दुखते. वाचकहो, कृपा करून दाबू देऊ नका.

पण खरी काळजी वेगळी होती. कॉलेजात हजेरी भरली नाही तर टर्म बुडते, म्हणजे ते सत्र धरतच नाहीत. बाबांनी आधीच बजावले होते, "टरम बुडाली तर कालेज बास. वाडीला मानूस पायजे." प्रिन्सिपॉलसाहेबांना मी अर्ज पाठवला. उत्तर नाही. पावसाकडे बघत मी पाय उशीवर घेऊन पडून राही, आणि घरात नांगरणीपासून पागोळीपर्यंत सगळे बोलत, टर्मचे कोणी बोलत नसे.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला, मचवे सुटले. बाबांनी मला पाठीवर घेऊन मचव्यात चढवले.

मुंबईच्या सर्जनांनी फाटलेली चकती काढली आणि बाटलीत घालून दाखवली. नखाएवढा तो पांढरा तुकडा बघून मला रडू यावे की संताप, कळेना. मांडी मात्र काडी झाली होती. क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, पडून राहिल्याने सुकतो. "पडल्या पडल्या मांडी आवळा, सोडा. गुडघ्याला तीच सांभाळते," सर्जन म्हणाले. "चालाल व्यवस्थित. झाडावर चढणे मात्र विसरा."

हे ऐकून बाबा बाहेर गेले. मी समजलो. कॉलेजही गेले, वाडीही गेली.

ते परतले तेव्हा दुपार कलली होती. विचारत विचारत कॉलेजात जाऊन आले होते.

"टरम गेली," ते म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड केले.

"सायेब म्हनला, जूनमदी परत बसवा, नाव कापनार न्हाय. मी व्हय म्हनून आलोय."

"आणि वाडी?"

"वाडीला मी हाय." त्यांनी पिशवीतून लोणच्याची बरणी काढून खाटेखाली सरकवली. "ही आत्ताच घे. पुढल्या येळी मी हाक मारायचा न्हाय."