पाटावरची फणी

डोक्यावर एक केस नसताना खिशात फणी घेऊन फिरणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो माझा मामा. ती फणी मामीची, घरातली एकुलती एक, लाकडी. मामी रोज सकाळी ती शोधत बसे. मामा लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचा. साच्यालाही फणी असते. ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा तिच्या दातांमधून जातो. केसांच्या फणीला नाव तिच्यावरूनच पडलं, असं मामाचं ठाम मत, आणि त्याला साक्षीदार हवे असत. फणसवाडीच्या केळेवाल्याला तो विचारी, "केळ्यांची फणी का म्हणता? केळी काय विणता?" न्हाव्याकडे तर तो निव्वळ या चौकशीसाठी खुर्ची अडवून बसे.

मी कॉलेजात संस्कृत घेतलं तेव्हा त्याला मोठा आधार वाटला. शब्दकोश चाळून मी सांगितलं, मूळ बहुधा नागाचा फणा असावा. मामा हिरमुसला. "नागाला कोण विचारतो? आधी कापड, मग भांग."

आतून मामी म्हणाली, "माणूस नागडा होता तेव्हापण डोक्यात उवा होत्याच की!"

मग संप झाला. खंडेनवमीला मामा दरवर्षी खात्यात जाऊन साच्याला झेंडूचा हार घाली. आता फाटक बंद. त्यानं घरीच पाट मांडला, खिशातली फणी त्यावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं.

"अहो, माझी वेणीफणी राहिलीय!"

"दसऱ्यापर्यंत हत्यार उचलायचं नाय. हिला मान दिला की तिकडची, साच्यातली, माझी वाट बघेल."

मामी मोकळ्या केसांनी नळावर गेली. शेजारीण म्हणाली, "काय गो, अंगात आलं काय?"

मामाला साच्यावर परत कुणी बोलावलं नाही. साचे भंगारात गेल्याचं कळलं, त्या वर्षीही त्यानं पाट मांडला. मी विचारलं, आता कुणासाठी? तो हार नीट करत राहिला.

यंदा मामा नाही. त्या शब्दाचा उगम मी अजून अधूनमधून शोधते. नक्की काही सापडत नाही. खंडेनवमीला मामीकडे गेले, तर तिचे पांढरे केस पाठीवर मोकळे. वाटलं, आता हिला कसलं भान राहिलं नाही. मी म्हटलं, "फणी कुठंय? वेणी घालते."

तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पाटावर फणी होती, वर झेंडूचं फूल.

"उद्या घाल," मामी म्हणाली. "आज हात लावलास तर ओरडतील ते."