झुम्रेताच्या कॉफीवर शेफ्कियाचं परीक्षण

माझा धाकटा भाऊ शेफ्किया तोर्लाक म्हणजे बोस्नियातला नामांकित समीक्षक. नामांकित म्हणजे काय, तर लेखक त्याला लांबून पाहूनच रस्ता बदलायचे. साराएव्होत शिकला, तिथेच विद्यापीठात शिकवलं, जाडजूड ग्रंथ लिहिले. पण जन्मात कशाला चांगलं म्हणाला नाही मेला! एका कादंबरीकाराने चिडून आपल्या गाढवाचं नाव शेफ्किया ठेवलं, तर हा म्हणतो, "गाढवाच्या चालण्यात तरी काही कथानक आहे." आमच्या विसोको गावातल्या न्हाव्याने कवितासंग्रह काढला. ह्याने त्याची पार चामडी सोलली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच दाढीला जाऊन बसला! न्हाव्याने अर्धी दाढी करून दुकान बंद केलं.

निवृत्त होऊन गावी आला आणि एकटा पडला. मग मागच्या गल्लीतली विधवा झुम्रेता त्याच्या मनात भरली. "ताई, ती नाही म्हणाली तर मी संपलो गं," म्हणाला आणि चक्क रडला.

"चल, मी येते मागणी घालायला," मी म्हटलं. "तू फक्त तोंड बंद ठेव."

आमच्याकडे मागणीला बाई तोंडाने उत्तर देत नाही. कॉफी गोड आली तर होकार, कडू आली तर मुकाट्याने उठायचं. झुम्रेताने कॉफी आणली, आमच्या पद्धतीची, न गाळलेली, तळाशी गाळ असलेली. मी चाखली. गोड! नुसता पाक! मी मनातल्या मनात लग्नाची बाकलावा मिठाई थापायला घेतली. एवढ्यात ह्या दिवट्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि घसा खाकरला.

"सुरुवात आश्वासक आहे," म्हणाला. "पण गोडवा फार. मध्यावर पकड सुटते आणि शेवट तर गाळातच जातो."

मी टेबलाखालून लाथ घातली. त्याला वाटलं, मी पुरावा मागतेय. "उदाहरण देतो," म्हणाला.

झुम्रेताने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि आत निघून गेली.

"अरे मूर्खा, हो म्हणाली होती ती!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "सवयच लागलीय गं ताई."

ती दुसरा कप घेऊन आली. साखरेचा कण नाही. मी पर्स उचलली. शेफ्किया मात्र जागचा हलला नाही. त्याने कप तोंडाला लावला आणि गाळासकट रिकामा केला. दात काळे, डोळ्यांत पाणी.

"उत्तम," म्हणाला. "काही बदलायला नको."

आमची आई ह्या एका शब्दाची वाट पाहत गेली हो!

"खोटं बोलताय, प्रोफेसर," झुम्रेता म्हणाली. "कडू जहर आहे ती."

"आहे. पण मला उठायचं नाहीये."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग साखरेचा खडा उचलून तिने त्याच्या तोंडात कोंबला. "आता ह्यावर एक शब्द बोललास तर बघ!"

तो खडा चघळत गप्प बसला, आणि हमसून हमसून रडले ती मी.