पाटीवरचं शेवटचं नाव

साखळी–डिचोली–म्हापसा गाडीवर तिकिटं फाडण्यात गोकुळदासचा उभा जन्म गेला. माणूस सरळ, पण जीभ भारी तिखट. डिचोलीच्या स्टँडवर गाडी लागली की साखळीला जाणारं कुणी ना कुणी पाटीवरचं पहिलं नाव वाचून आत चढायचं आणि उलट्या दिशेचं अस्नोडा आल्यावर बोंब मारायचं. मग याच्या अंगात यायचं.

“अगो बाय, पाटी शेवटापर्यंत वाच मगो! फुडचा नाव म्हणजे आमी आयलंव थंयचा. गाडी शेवटच्या नावाक वता!”

अख्खी गाडी हसायची. उतरणाऱ्या बाईचं तोंड एवढंसं व्हायचं, पण तिकडे बघायला याला सवड कुठली!

त्याची मुलगी सुविधा यंदा बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं आणि त्यासाठी एका संस्थेत अर्ज भरायचा होता. पण मामी आजारी पडली म्हणून ती पेडण्याला मामाकडे गेली, आणि नेमका त्याच वेळी गोकुळदासच्या फोनवर मेसेज आला : प्रवेशअर्ज आजच भरा, नाहीतर जागा जाईल. खाली निळी लिंक, आणि लिंकच्या सुरुवातीलाच संस्थेचं नाव. बापाचा जीव तो, टांगणीला लागला. स्टँडजवळच्या हॉटेलात बसून त्याने पोरीची जन्मतारीख, फोटो, आधार कार्ड, सगळं भरलं. चहा तसाच निवला. पत्त्याच्या रकान्यात तर त्याने ‘सर्वण, देवळामागचं घर, दारात जांबाचं झाड’ असं लिहिलं. पत्र घेऊन येणारा चुकायला नको ना!

संध्याकाळी सुविधा परतली, तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत फोन पुढे केला. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला.

“बाबा, ही संस्थेची साइट न्हय.”

“नाव तर तांचाच आसा!”

“ता फुडचा नाव. पयली तिरकी रेघ दिसता? तिच्याआदी शेवटाक काय आसा ता वाच.”

त्याने बोट ठेवून वाचलं. संस्थेचं नाव, टिंब, प्रवेशमदत, टिंब, इन.

“‘इन’ म्हणजे फकत इंडिया. गाडी ‘प्रवेशमदत’ म्हणान कोणतरी आसा, तेच्याकडे वता. फुडे कोणूय कायय लिवंक शकता, बाबा.”

गोकुळदासने तीच ओळ परत वाचली. जन्मभर ज्यासाठी लोकांना फाडून खाल्लं, तेच याने केलं होतं, आणि तेही पोरीच्या जिवाशी.

खऱ्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सुविधाने पत्ता स्वतः टाइप करून अर्ज भरला, पोचही आली. जागेची काळजी मिटली. पण तिचा फोटो आणि घराची वाट आता कुणाच्या हातात होती, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. “आता रात जाली. फाल्यां पोलिसांक सांगूया,” एवढंच ती म्हणाली. एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सकाळी डिचोलीला गाडी उभी असताना फोन वाजला. अनोळखी, गोड आवाज. “सुविधाचे वडील ना? सर्वणला देवळामागे राहता. दारात जांब आहे.”

त्याने फोन कापून खिशात टाकला.

तेवढ्यात टोपली घेऊन एक म्हातारी धापा टाकत वर चढली. “साखळेक वता न्हय रे पुता?”

ड्रायव्हरने हसत मागे वळून पाहिलं. आता तमाशा होणार, हे त्याला पाठ होतं.

गोकुळदासने टोपली उचलली, म्हातारीचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि समोरच्या साखळीच्या गाडीत नेऊन बसवलं.

“चुकलंय रे,” ती ओशाळून म्हणाली. “पाटी बरी वाचूंक ना.”

“चुकता गे आये,” तो म्हणाला. “माकाय वाचूंक जमली ना.”

खिशात फोन परत वाजायला लागला होता.