डाकबंगल्यातली हळद

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर एक खोड लागली: रस्त्याकडेला इंग्रजांच्या काळातली ओस इमारत दिसली की मोटारसायकल थांबवायची आणि आत शिरायचं. बायको बाहेर झाडाखाली बसायची.

त्या मार्चमध्ये आम्ही पुसदहून फुलसावंगीला, तिच्या बहिणीकडे निघालो होतो. वाटेत टेकाडावर एक जुना डाकबंगला दिसला. ऊन फार होतं आणि खाली सावलीचं झाड नव्हतं, म्हणून त्या दिवशी बायकोही माझ्यासोबत वर आली.

छप्पर गेलं होतं. फरशी मात्र शाबूत होती आणि तिच्यावर उकडलेली हळद वाळत घातली होती. कडेकडेनं जात मी भिंतींचे फोटो काढले, सवयीनं पावलं टाकत खोलीची लांबी मोजली. तेवढ्यात मागच्या खोलीतून एक म्हातारी आली. तिनं मला पाहिलं आणि घाईघाईनं हळद टोपल्यात भरायला लागली.

बायकोनं विचारलं, "मावशी, भर उन्हात हळद काहून उचलून राह्यली?"

"उचला लागन न माय. साहेब जागा मोजून राह्यले. दोन दिवस तं द्या. तांड्यावर एवढी फरशी नाही कुठं."

मला ओशाळल्यासारखं झालं. "मी साहेब नाही, मावशी."

"मंग फोटो कायले काढले?"

"भिंती पाह्यले आलो."

तिचा विश्वास बसेना. बायको म्हणाली, "खरं हाय मावशी. गवंडीकाम शिकवत होते. असेच कुठंबी थांबतात."

तेव्हा म्हातारी हसली. बायकोनं टोपलं पुन्हा फरशीवर ओतलं आणि दोघी हळद पसरायला बसल्या. थोड्या वेळानं म्हातारीनं मला हाक मारली. "गवंडी हाव तं एक सांगा. मागची भिंत पडन का? चुना झडून राह्यला."

मी जाऊन पाहिलं. दारावरच्या कमानीचे दगड सुटले होते, भिंत बाहेरच्या बाजूला झुकली होती. त्याच दारात तिची गोधडी आणि पाण्याचा माठ होता. रोज दुपारी ती तिथंच आडवी व्हायची.

"इथं एक दिवसही बसू नका," मी म्हणालो.

माठ आणि गोधडी आम्ही पुढच्या ओसरीत, भिंतीच्या सावलीत आणली. मग बाभळीच्या फांद्या ओढून ते दार बंद केलं. माझ्या अंगठ्यात काटा मोडला. फुलसावंगीला पोचल्यावर मेहुणीनं तो सुईनं काढला आणि उशीर का झाला, म्हणून आम्हाला रागावली.