अंगठ्याखालची अक्षरं

ब्यूट या खाणींच्या गावात जुनी नाणी विकत घेणाऱ्या हार्लननं भिंग डोळ्याला लावलं, तशी आइली पुढं झुकली. छप्पर गळत होतं, आणि खाणकामगार नवरा तोइवो गेल्यावर उरला होता हा एकच चांदीचा डॉलर.

"गरुडाच्या शेपटीखाली कार्सन सिटी टांकसाळीची दुर्मिळ अक्षरं असली, तर लॉटरीच समजा," हार्लन म्हणाला. मग थबकला. "बाई, नेमकी तीच जागा घासून गुळगुळीत झालीय. आता नुसत्या चांदीचे पैसे."

"कोण मेलं घासतंय? तोइवोच्या खिशातून कधी निघाला नाही तो!"

"मग त्यानंच. खाणीत उतरताना कामगार खिशातलं नाणं अंगठ्यानं घासत राहतात, भीतीपोटी."

"तोइवो आणि भीती? रोज शीळ घालत जायचा तो!"

तिनं डॉलर हिसकावून खिशात टाकला. घरी पोचेपर्यंत त्या गुळगुळीत जागेवरून फिरणारा तिचा अंगठा थांबला नाही.