गव्हाच्या पुरचुंडीतलं सिम

इथले अनुभव मी आजवर वाचले ते निव्वळ टाइमपास म्हणून. वाचून झाले की मनात म्हणायचे, लोकांना वेळ फार आहे. आता मीच लिहायला बसलेय, तेव्हा हसा खुशाल... मी टिशू कल्चरच्या लॅबमध्ये काम करते, बाटलीत केळीची रोपं वाढवते. बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच बाटलीत असते, पण ती आहे हे दाखवून देता येतं. जे दाखवता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. आमच्या गावात अमक्याच्या अंगात आलं, तमक्याच्या मळ्यात दिसलं, असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायचे.

आमचं घर लोणखेड्याला, शहाद्याला अगदी लागून. घरात माय आणि मी, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. लग्न का केलं नाही हे विचारणारे गावात पुष्कळ आहेत, तुम्ही नका विचारू.

गेल्या श्रावणानंतर कंपनीनं मला काही आठवड्यांसाठी युगांडाला पाठवायचं ठरवलं. तिथं केळी म्हणजे रोजचं जेवण, त्यामुळे रोपांचं काम मोठं. पासपोर्ट झाला, लस झाली, मग फोनचा प्रश्न आला. माझा फोन अमेरिकेतल्या मामेभावानं वापरून दिलेला, तिथल्या कंपनीला बांधलेला. शहाद्याच्या मोबाइलवाल्यानं तो आधीच अनलॉक करून दिला होता. "ताई, आते जगमा कोठेबी चालई," तो म्हणाला. तिथं गेल्यावर तिथलं सिम टाकायचं की झालं, रोमिंगची भानगड नको. एकच अडचण होती. फोनला सिमची जागा एकच.

मायच्या पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन करून घ्या, टाळू नका, असं डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. माय म्हणाली, कानबाईचे रोट होऊ दे. रोट झाले. मग म्हणाली, तू परत ये. दोन्ही वेळा मी भांडले आणि दोन्ही वेळा हरले, कारण आमच्या मायशी भांडण म्हणजे भिंतीला पाठ घासणं.

रोटांचं थोडं सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. रोट म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, त्यांच्यासाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा मूठ, सव्वा मूठ असे गहू घेतात. वडील गेल्यावर आमच्या घरात नाव घ्यायला पुरुषच उरला नाही. भाऊबंद म्हणाले, मग तुमचं राहू द्या. माय सरळ परातीपुढे बसली आणि मोठ्यानं माझं नाव घेऊन मूठ टाकली. तेव्हापासून दरवर्षी माझ्या नावाची मूठ पडते. त्यातले चिमूटभर दाणे माय बाजूला काढते आणि मी कुठं लांब निघाले की फडक्यात बांधून देते. हे शास्त्र वगैरे काही नाही, आमच्या घरची सवय. मी कधी नको म्हटलं नाही, आणि पुरचुंडी कधी सोडूनही पाहिली नाही.

मुंबईच्या विमानतळावरून शेवटचा फोन केला तेव्हा माय बोलता बोलता थांबली. मी विचारलं, काय झालं?

"काही नही. जराशी कळ उनी," ती म्हणाली. "तू जाय बिनधास्त."

तिकडे उतरल्यावर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट बघून, फोटो काढून नवं सिम दिलं. पिन टोचून माझं जुनं सिम बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. नखाएवढी वस्तू, हरवली तर मिळायची नाही. मी मायची पुरचुंडी सोडली, सिम गव्हात खुपसलं, तिच्याच दोऱ्यानं घट्ट गाठ मारली आणि वर माझ्या केसातला काळा रबर गुंडाळला. पुरचुंडी मोठ्या बॅगेच्या तळाशी गेली. बॅग राजधानीत, कंपालाच्या गेस्ट हाउसमध्ये कुलूप लावून ठेवली आणि मी पाठीवरची सॅक घेऊन आतल्या भागात, रोपवाटिकेवर गेले.

आता माझा शहाणपणा ऐका. आमच्या भागात फोनवरून लोकांना गंडवण्याचे प्रकार वाढले, तेव्हा मी मायकडून पोपटासारखं पाठ करून घेतलं होतं की अनोळखी नंबर उचलायचा नाही, आणि पुढे अधिकची खूण असलेला तर मेलं तरी उचलायचा नाही. तिच्या बटणवाल्या फोनवर फक्त ओळखीची नावं मराठीत भरून दिली होती. निघण्याच्या गडबडीत, माझाच फोन आता अधिकची खूण घेऊन येणार, हे तिला सांगायचं राहून गेलं. आणि माझी माय, जी माझं एक ऐकत नाही, तिनं नेमकं हे ऐकलं.

फोन लावायचे, रिंग पूर्ण जायची, कोणी उचलायचं नाही. मेसेज तिला उघडता येत नाहीत. दुसऱ्या कोणाला लावावा तर माझे सगळे नंबर जुन्या सिमवर सेव्ह. तोंडपाठ फक्त मायचा. शेजारच्या ज्योतीवहिनीचा नंबर हवा होता, तो तिकडे कंपालात, गव्हात पडलेला. रोपवाटिकेवर नेट जवळजवळ नव्हतंच. इकडच्या ऑफिसला कसाबसा निरोप पोचवला, त्यांनी मायला फोन केला, तर तोही तिनं उचलला नाही... अनोळखी ना. घरी माणूस पाठवा असं सांगेपर्यंत नेट गेलं ते गेलंच.

दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर जरा रेंज यायची. तिथं उभी राहून मी रोज फोन लावायचे. पहिल्यांदा नुसती वाट बघायचे. मग चिडून बोलायला लागले, रिंग वाजत असतानाच. "माय, उचल ना. मीच शे." पुढे पुढे तर मी सरळ बोलतच बसायचे. पोट दुखतंय का, लपवू नको. मी यायची वाट बघू नको. शहाद्यात ऑपरेशनची भीती वाटत असेल तर चिंचपाड्याच्या दवाखान्यात जा, खांडबाऱ्याची मावशी जवळ आहे, ती राहील तुझ्यापाशी. तुले मन्ही सोगन शे, माझी शपथ. इथं कच्ची केळी पानांत बांधून वाफवतात, मग त्यांचं भरीत करतात, बरं लागतं, पण वरून आपलं तेल-तिखट पाहिजे... असलं काहीबाही. रिंग तुटेपर्यंत बोलायचं, तुटली की डोळे पुसून कामाला जायचं. भीतीनं माझं जेवण सुटलं होतं. ती एकटी घरात पडली असेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलायचं नाही. माझ्याबरोबर काम करणारी ग्रेस लांबून बघायची. एकदा तिनं विचारलं, आई काय म्हणाली? मी म्हटलं, उचलला नाही. ती म्हणाली, मग बोलत कोणाशी होतीस?

शेवटी साहेबाच्या मागे लागून काम अर्ध्यावर टाकलं. निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस पावसानं टॉवर बंद होता, एकही फोन लावता आला नाही.

कंपालाला पोचल्या पोचल्या बॅग उघडली. पुरचुंडी होती तशी होती, काळा रबर, खाली माझीच गाठ. ती इतकी आवळलेली की दातांनी सोडवावी लागली. सिम फोनमध्ये टाकलं. रोमिंग नव्हतंच, त्यामुळे रेंजचा पत्ता नाही. वहिनीचा नंबर तळहातावर उतरवला, तिथलं सिम परत टाकलं आणि फोन लावला. वहिनीनं उचलला. मी म्हटलं, वहिनी, मी बोलतेय.

"ताई? हाऊ कोना नंबर शे?" वहिनी म्हणाली. "मायनी काळजी करू नका. मस्त शे ती. टाके बी सुकनात."

"कसले टाके?"

"आसं काय करतस? ऑपरेशनना. चिंचपाडाले व्हयनं ना. मावशी शे तिनाजोडे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हीच ना रोज फोन करीसन तिले तयार करं?"

माय जिवंत आहे, बरी आहे, एवढंच आधी डोक्यात शिरलं आणि मी हमसून हमसून रडले. बाकीचं विमानात बसल्यावर डोक्यात यायला लागलं.

घरी पोचले तर माय खाटेवर उशीला टेकून मेथी निवडत होती. बारीक झाली होती, पण तोंड सुरूच. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडा उशीर झाला असता तर पित्ताशय आतच फुटलं असतं. मी तिला रागावू की मिठी मारू, मला कळेना. मग म्हटलं, माय, तू माझा फोन एकदा तरी उचललास का?

"रोज तं बोलनू आपण," ती म्हणाली. "पहिले तो अधिकवाला वाजे. तो मी उचलू नही, तूच सांगेल व्हतं. तो वाजी वाजी बंद पडे, का लगेच तुन्हा."

तिनं फोन माझ्या हातात दिला. मी यादी खाली सरकवत गेले. परदेशी नंबर, उचलला नाही. लगोलग सोनल, उचलला. पुन्हा परदेशी नंबर, पुन्हा सोनल. पार सुरुवातीपर्यंत तसंच. सोनल म्हणजे माझा जुना नंबर, ज्याचं सिम तेव्हा कंपालात, कुलपातल्या बॅगेत, रबर गुंडाळलेल्या फडक्यात होतं.

"मी काय काय बोलले?" मी विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

मायनं सगळं सांगितलं. पोट दुखतंय का, लपवू नको. चिंचपाड्याला जा. मावशी राहील. सोगन. "आनि ते केळीनं भरीत. वरतून तेल-तिखट पाहिजे म्हने. मी मावशीले बी सांगं, पोरगीना तोंडले तठे बी चव नही." आणि ती हसली. भरिताचं मी जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. फक्त वाजणाऱ्या रिंगला सांगितलं होतं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करता येतो, आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. माझं हे सगळं धुंडाळून झालंय. सिम कंपनीच्या ऑफिसात जाऊन तिथल्या माणसाला तपासायला लावलं. तो म्हणाला, ताई, त्या काळात हा नंबर बंदच होता, एकही कॉल गेलेला नाही. बरं, कोणी गंडवणारा होता असं धरू. मग त्यानं काही मागितलं का नाही? माझे शब्द त्याला कुठून मिळाले? आणि एका म्हातारीला ऑपरेशनला पाठवण्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल?

इतकंच असतं तर मी कदाचित मनाची समजूत घातली असती. मायलेकीचं नातं, काहीतरी पोचलं असेल, असं म्हणून सोडून दिलं असतं. माझे शब्द कसे का होईना, पण माझ्या मायपर्यंत गेले, ह्यात वाईट काय?

पण मायला मी सहज विचारलं, शेवटचा फोन कधी आला? ती म्हणाली, वहिनीला तुझा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी. मी यादी परत बघितली. खरंच होतं. त्या दिवशी परदेशी नंबर नव्हता, फक्त सोनल. त्या दिवशी टॉवर बंद होता, मी फोन हातातही धरला नव्हता.

"तवय काय म्हने मी?" मी अहिराणीत विचारलं, का कोण जाणे.

मायनं मेथीची काडी मोडली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू म्हने, माय, आते ती ई ऱ्हायनी. मी जास."

आता ती येतेय, मी जाते.

मी म्हटलं, मग तू विचारलं नाहीस, ती म्हणजे कोण? माय म्हणाली, विचारलं. पण फोन ठेवला गेला होता. एवढं बोलून ती भाजी घेऊन उठली. ह्या विषयावर त्यानंतर ती माझ्याशी आजवर एक अक्षर बोललेली नाही. मी काढला तरी चुलीकडे वळते.

तो आवाज कोणाचा, माझे शब्द त्याला कसे कळले, मला माहीत नाही. ज्याच्यामुळे माझी माय वाचली त्याला वाईट तरी कसं म्हणू? पण आपल्या आवाजात दुसरं कोणीतरी आपल्या मायशी रोज बोलत होतं, आणि तिला ते आवडतही होतं, हे आठवलं की आजही मी हातातलं काम टाकून तिला फोन लावते. कधी कधी मी लॅबमधून फोन करते तेव्हा माय उचलते आणि लगेच बोलत नाही, जरा ऐकून घेते. मग म्हणते, "हा, बोल."

पुढच्या महिन्यात मला पुन्हा तिकडे जायचंय. ह्या वेळी नवा फोन घेतलाय, दोन सिमचा. माझं जुनं सिम आतच राहील, रोमिंग सुरू केलंय, वहिनीचा नंबर पाठ केलाय. हे सगळं, मागच्या वेळी सिम पुरचुंडीत होतं तेसुद्धा, मी मायला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात गव्हाची पुरचुंडी होती, अजून न बांधलेली.

"ते सिम काढी ले," ती म्हणाली. "ह्यामा ठेव."

मी का म्हणून विचारलं नाही. पिन शोधली, सिम काढलं आणि गव्हावर ठेवलं. गाठ ह्या वेळी मायनं मारली, आणि ती सैल ठेवली.