लाटंबार्सेच्या बांधावर अनिता

आमच्या कृषी कार्यालयातल्या शिपायाचा फोन होता. "बाय, अनिताबायचेर कोयतो पडलो... लाटंबार्सेत." मी इस्पितळात पोचले तेव्हा तिला पांढऱ्या चादरीखाली झाकलं होतं. मानेजवळ चादर लाल होती.

पेडणे आणि डिचोलीत अळसांद्यांवर, म्हणजे आमच्याकडच्या चवळीवर, बुंधा कुजवणारी बुरशी पसरत होती. ती कुठून कुठे जाते, हे शोधायचं काम आम्हा दोघींकडे होतं. अनिता रोप उपटायची, बुंध्यावरचे पांढरे धागे आणि मोहरीएवढे दाणे भिंगातून बघायची आणि जे दिसलं ते तोंडावर सांगायची. उभं पीक उपटलं म्हणून पेडण्यात एकाने तिच्या कानशिलात लगावली होती. तिने चिखलातलं भिंग उचललं. "मारून झालं? आता ही रोपं जाळ." आणि त्याने जाळली.

त्या दिवशी काय घडलं, ते मला बाबुसो नावाच्या शेतकऱ्याने सांगितलं. लाटंबार्सेत त्याचा मळा वर आणि धाकट्या भावाचा, सुर्याचा, खाली. वाटणीवरून दोघांत आधीच पेटलेलं. सुर्याचं पीक आडवं झालं होतं. रोग आला कुठून, असं त्याने विचारलं. अनिताने फुटलेला बांध दाखवला. "वरच्या पाण्याबरोबर आला."

"म्हणजे ह्येनाच माझो मळो मारल्यान!" सुर्या कोयता घेऊन बांधावर चढला. पहिला घाव चुकवताना बाबुसो चिखलात पडला. अनिता मध्ये घुसली, सुर्याचं मनगट तिने दोन्ही हातांनी धरलं. "सुर्या, बुरशीनं मारलंय रे! भावानं नाही!" त्याने हिसका दिला. दुसरा घाव तिच्या मानेत बसला.

बाराव्यानंतर बाबुसो तिच्या आईच्या दारात येऊन उभा राहिला. "मावशी, घाव माझ्यावरचो होतो..." मावशींनी पुढचं ऐकलं नाही. थपडांनी, मुठींनी, शेवटी चपलेने त्याला मारत सुटल्या. त्याचा ओठ फुटला, तरी त्याने हात वर केला नाही. मी त्यांना मागे ओढलं तेव्हा त्या धापा टाकत म्हणाल्या, "एवढंच रक्त? माझ्या पोरीचं किती गेलं, बघितलंस ना तू?"

परवा अनिताच्या खोलीत गेले. खिडकीखाली झाकणाचे डबे होते. रोगट खोडं ओल्या कागदावर ठेवून, ओळख पटेपर्यंत ती त्यात बुरशी वाढवायची. आता बुरशी कापसासारखी फुगून झाकणाला टेकली होती. "मावशी, हे जाळायला हवं. परसातलं सगळं मारेल," मी म्हटलं.

त्यांनी एक डबा उचलून छातीशी घट्ट धरला.

"हात लावू नकोस. तिच्या हातचं एवढंच वाढतंय अजून."